केसरबाईंचं पातेलं

माझ्या सासूबाईंच्या मते मी भीक मागते. वाईट अर्थाने नाही म्हणत त्या. त्यांच्या घराण्याला बंगळुरात येऊन इतक्या पिढ्या झाल्या आहेत, की त्यांच्या मराठीत कन्नड कुठे सुरू होतं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. शेजारणीने विचारलं, "सून काय करते?" तर म्हणतात, "ती होय? गरिबाच्या पोरांना जेवण म्हणून मागून आणते की. शिकलेली आहे, सुम्ने, नुसतं आपलं इंग्रजीत मागते."

माझ्या व्हिजिटिंग कार्डापेक्षा हे वर्णन जास्त बरोबर आहे. आमची संस्था बंगळुराच्या कडेला बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघरं चालवते. आया सकाळी मुलांना सोडतात, संध्याकाळी नेतात. मधल्या वेळात मुलांना दूध, दुपारचं जेवण, आणि जी फारच किडकिडीत आहेत त्यांना वरून काहीतरी अंगी लागेल असं. याला पैसे लागतात. ते देणारे शोधायचे, त्यांच्या अटी समजून घ्यायच्या, त्या अटींतच पैसे खर्च होतील असं बघायचं आणि वर्षाअखेरी तसा हिशोब त्यांना पाठवायचा, हे माझं काम. देणाऱ्याचा हात आणि खाणाऱ्याचं तोंड यांच्यामध्ये कागदांचा जो ढीग असतो, त्यावर मी बसलेली असते.

या धंद्यात आले तेव्हा पहिला धक्का बसला तो असा, की अंड्याला देणगीदार मिळतो, अंडं उकडायच्या गॅसला मिळत नाही. दुधाला मिळतो, दूध ठेवायच्या फ्रिजच्या वीजबिलाला मिळत नाही. प्रत्येकाला आपला पैसा थेट मुलाच्या पोटात गेलेला हवा असतो. मधे चूल असते, चुलीपाशी बाई असते, बाईला पगार असतो, हे कोणी लक्षात घ्यायला तयार नसतं. मी पुण्याहून लग्न होऊन इकडे आले तेव्हा माझी समजूत होती, चांगल्या कामाला पैसे द्यायला माणसं उत्सुक असतात. असतात. फक्त त्यांच्या मनात चांगलं काम कच्चंच गिळायचं असतं.

या नियमाला अपवाद म्हणजे चिकपेटचे शेटजी. साड्यांचा घाऊक व्यापार. मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा तांदूळ, डाळ, भाजी, दूध अशी यादी वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, "और गॅस?" मी चकित होऊन बघत राहिले. ते म्हणाले, "मॅडमजी, कच्ची डाळ खाणार का मुलं?" त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण पांढऱ्या गादीवर बसले होते आणि माझे गुडघे तितके तयारीचे नाहीत.

त्यांची अट एकच. घर कडक शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा नाही. "मेरे पैसे से अंडा नहीं." मी म्हटलं, अंड्यांसाठी दुसरे देणगीदार आहेत, त्यांचा खर्च वेगळा... तर त्यांनी डोळे मिटून घेतले आणि हात वर केला. "ते मला सांगू नका." मला वाटलं, किळस आली असेल. विषय तिथेच सोडला.

वर त्यांनी भांड्यांचा एक पूर्ण संच दिला. स्टीलची जाडजूड पातेली, परात, डाव. आपल्याकडे भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात तसं प्रत्येकावर कोरलेलं: 'मातुश्री केसरबाई यांच्या स्मरणार्थ'. कन्नडमध्ये एकदा, हिंदीत एकदा. आई गेल्यापासून शेटजींनी काहीही दिलं तरी त्यावर केसरबाईंचं नाव असायचंच.

अंड्याचे देणगीदार होते कोरमंगलातले. तरुण मुलांची कंपनी. त्यांच्या ॲपवर एक बटण होतं, दाबलं की एक अंडं बोम्मसंद्र्यातल्या मुलाला. मला तीही मुलं आवडायची, त्यांच्या ऑफिसात खुर्च्यांऐवजी मोठाले चेंडू होते म्हणून तिथे जायची भीती वाटायची एवढंच.

म्हणजे एका स्वयंपाकघरात दोन संसार. शेटजींच्या भांड्यांत वरणभात, सांबार. अंड्यांसाठी वेगळं ॲल्युमिनियमचं पातेलं, त्याच्या कानाला लाल चिंधी. ही चिंधीची युक्ती माझीच. आणि ती मला कुठल्या व्यवस्थापनाच्या पुस्तकातून नव्हे, घरून सुचली होती.

आमच्या घरात अंडं येत नाही. म्हणजे सासूबाईंच्या हिशेबी येत नाही. प्रत्यक्षात आमचे मधुसूदनराव, सरकारी कारखान्यातले मोठे इंजिनीयर, डोक्यावरचे केस जाऊन वर्षं झालेला माणूस, इंजिनीयरिंगच्या हॉस्टेलमध्ये ऑम्लेटची गोडी लागलेला. लग्न झाल्यापासून रविवारी सकाळी आई पूजेला बसली, की मागच्या गॅलरीत वॉशिंग मशीनच्या आडोशाला छोट्या शेगडीवर ते ऑम्लेट करून खातात. त्यासाठी एक तवा आहे. तो गॅलरीतच राहतो, तिथेच घासला जातो, त्याच्या दांड्याला लाल चिंधी. सुदैवाने सासूबाई गॅलरीत येत नाहीत. "तिकडे वारा लागतो की, कान धरतो," म्हणतात. हा त्यांचा कान म्हणजे आमच्या संसाराचा मोठा आधार आहे.

तर बोम्मसंद्र्याच्या अंड्याच्या पातेल्याला एक दिवस बुडाला भोक पडलं.

तिथला स्वयंपाक गौरम्माकडे. मोठ्या आवाजाची, भांडखोर, मुलं वाढताना ताटात न बघता तोंडाकडे बघणारी बाई. तिचा फोन आला, "अक्का, मोट्ट्याचं पातेलं गळतंय. नवीन द्या." मोट्टे म्हणजे कन्नडमध्ये अंडी. मी कोरमंगलाला विचारलं. पलीकडून एक अतिशय गोड मुलगा म्हणाला, "मॅम, आमचं प्रॉमिस आहे की हंड्रेड पर्सेंट पैसा अंड्यांतच जाईल. पातेलं म्हणजे टेक्निकली अंडं नाही ना?" नव्हतं खरं. शेटजींकडे मागायची तर सोयच नव्हती, अंड्यासाठी पातेलं द्या म्हणून कुठल्या तोंडाने सांगणार? मी गौरम्माला म्हटलं, "बघू. तोवर स्वल्प सांभाळून घे."

तिने सांभाळून घेतलं.

त्याच आठवड्यात केसरबाईंची पुण्यतिथी होती आणि मुलांना जिलेबी वाढायला शेटजी स्वतः येणार होते. सोबत त्यांचा मुलगा आणि म्हाताऱ्या बहीणबाई. मी आदल्या दिवशी फोनवर सगळं बजावलं होतं: अंगण झाडा, मुलांची नाकं पुसा, आणि शेटजींची भांडी पुढे, नावं समोर येतील अशी. लाल चिंधीचं काय, ते विचारायचं सुचलंच नाही.

शेटजी आले. मुलं रांगेत बसली होती. कोपऱ्यात चंद्री होती. हिच्याबद्दल सांगायला हवं. आम्ही मुलांच्या दंडाला एक रंगीत पट्टी गुंडाळून बघतो, दंड पुरेसा भरलेला असेल तर हिरवा रंग येतो, मग पिवळा, आणि लाल म्हणजे धोका. चंद्रीचा दंड लालमध्ये होता. पॅकिंगच्या कामावर जाणाऱ्या आईची ही काडीसारखी पोर, वरणभात भरवला की थुंकायची, दूध ओतून द्यायची. एक अंडं तेवढं खायची. गेले काही आठवडे त्या अंड्याच्या जोरावर पट्टी लालवरून पिवळ्याकडे सरकत होती. शेटजींनी तिच्याकडे बघून विचारलं, "ही काडी कोण?" मी नाव सांगितलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग ते स्वयंपाकघरात गेले. "आईचं पातेलं कुठाय?" ओट्यावर झाकण घातलेलं मोठं पातेलं, केसरबाईंचं नाव बरोबर समोर. माझ्या सूचनेप्रमाणे. बहीणबाईंनी पिशवीतून झेंडूची माळ काढली. शेटजींनी ती पातेल्याला घातली, कुंकू लावलं, हात जोडले. आम्ही सगळ्यांनी जोडले. गौरम्मा दारात उभी होती. तिचा चेहरा मी तेव्हा पाहिला. चोवीस तास भांडणाऱ्या बाईच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, नुसते डोळे मोठे करून ती माझ्याकडे मान हलवत होती. मला वाटलं, भारावली आहे.

शेटजींनी झाकण उचललं.

वाफ वर गेली. खाली गरम पाण्यात अंडी हळूहळू फिरत होती. झेंडूची एक पाकळी सुटून त्यांच्यात पडली आणि तीही फिरायला लागली.

तो क्षण मला आजही नीट सांगता येत नाही. बहीणबाईंनी पदर नाकाला लावला. मुलाचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. शेटजींच्या हातातलं झाकण तसंच अधांतरी. आणि मागून चंद्रीचा, जी कधी बोलायची नाही तिचा, टिपेचा आवाज आला, "मोट्टे!" लगेच सगळी रांग ओरडायला लागली, "मोट्टे! मोट्टे! मोट्टे!" टाळ्या वाजवत. आजवर कुठल्याच देणगीदाराचं आमच्याकडे इतकं जोरदार स्वागत झालं नव्हतं.

शेटजींनी झाकण परत ठेवलं. अगदी हलक्या हाताने. आणि कोणाशीही न बोलता गाडीत जाऊन बसले. जिलेबीचे खोके ओट्यावरच राहिले.

"गौरम्मा, काय केलंस हे!" मी म्हणाले.

"मी काय केलं? तुम्हीच म्हणालात सांभाळून घे. पोरांना काय तळहातावर उकडून देऊ?" तिने डोळ्याला पदर लावला आणि त्याच पदराने पातेलं उतरवलं. मुलांनी अंडी आणि जिलेबी दोन्ही खाल्ली.

संध्याकाळी शेटजींच्या मुलाचा फोन आला. आमच्या आजीचा अपमान झालाय, भांडी परत पाठवा, पुढच्या महिन्यापासून आमच्याकडून काही मिळणार नाही. म्हणजे तांदूळ नाही, डाळ नाही, दूध नाही, आणि गॅस नाही. गॅस नाही म्हणजे कोरमंगलाची अंडीसुद्धा कच्चीच. हे पाळणाघरच बंद. मुलं पुन्हा कारखान्याच्या कुंपणाबाहेर आयांच्या सुटीची वाट बघत बसणार. चंद्रीची पट्टी कुठल्या रंगावर जाईल ते सांगायला मला शिकलेलं असण्याची गरज नव्हती.

मी ते पातेलं चिंचेने घासलं, मग राखेने, मग पुन्हा चिंचेने. आणि ते घेऊन चिकपेटला निघाले. बोम्मसंद्र्याहून मेट्रो, मधे गाडी बदलून पुन्हा मेट्रो. सामान तपासायच्या यंत्रात पातेलं शिरेना. तिथल्या पोलिसाने विचारलं, "एन इदु, काय आहे हे?" मी म्हटलं, पातेलं. "आत काय?" म्हटलं, काही नाही. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि जाऊ दिलं. डब्यात एका मुलीने उठून जागा दिली, मला की पातेल्याला कोण जाणे.

दुकानात शेटजी गादीवर एकटेच होते. मी पातेलं समोर ठेवलं आणि मेट्रोत पाठ केलेली माफी सुरू केली. ती माझ्या अर्ज लिहायच्या सवयीने झाली होती, त्यात 'यापुढे अशी पुनरावृत्ती टाळण्यासाठी' वगैरे शब्द होते. ते थांबवून शेटजींनी पातेलं मांडीवर घेतलं, आईच्या नावावरून बोट फिरवलं.

"चांगलं घासलंय," म्हणाले. मग त्यांच्या हिंदीत म्हणाले, "मॅडमजी, माझ्या घराची गच्ची फार सुंदर आहे. पण मी कित्येक वर्षांत तिथे गेलो नाही. घरात सांगितलंय, गुडघे दुखतात."

मला वाटलं, यांनाही आता पैसे द्यायचे नाहीत म्हणून आजारपण काढतायत.

"गुडघ्यांना काही झालेलं नाही," ते म्हणाले. "या दुकानाच्या माळ्यावर मी दिवसभर चढउतार करतो. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे एक शेगडी आहे. माझा नातू फार अशक्त जन्मला. डॉक्टरांनी सुनेला सांगितलं, अंडं द्या. ती तिथे उकडते. तिला वाटतं, मला ठाऊक नाही. अहो, धंदेवाल्याचं नाक आहे माझं."

मी विचारलं, "आणि तुमचा मुलगा? त्यांना...?"

"शेगडीचा गॅस कोण भरून आणतो?"

हा तोच मुलगा, ज्याने फोनवर मला आजीच्या अपमानाबद्दल फैलावर घेतलं होतं.

"मी वर गेलो, तर मला दिसेल. दिसलं, तर बोलावं लागेल. बोललो, तर बंद करावं लागेल. म्हणून गुडघे," शेटजी म्हणाले. "तुमच्या पाळणाघराचा गॅस मी देतो. डाळभाताला किती गॅस लागतो ते मला कळत नाही का? मी कधी विचारलं? पण तुम्ही मला गच्चीवर नेलंत, मॅडमजी. माझ्या बहिणीसमोर. हातात झाकण देऊन. आईला माळ घालायला लावून."

या माणसाच्या आईच्या नावाला आम्ही काय केलं, ते मला तोपर्यंत नुसतं देणगी जाण्याच्या बाजूने कळलं होतं. आता दुसऱ्या बाजूने कळलं आणि मी गादीच्या कडेला बसूनच घेतलं.

शेवटी त्यांनी चपला घातल्या. "चला." चार दुकानं सोडून भांड्यांचं दुकान होतं. तिथलं सगळ्यात जाड पातेलं त्यांनी निवडलं. कोरणाऱ्याने सवयीने यंत्र हातात घेतलं. "शेटजी, नाव काय घालू?"

"काही नाही."

"निदान नावाचं पहिलं अक्षर तरी? बिननावाचं कसं द्यायचं?"

"कोरं ठेव."

केसरबाईंचं पातेलं त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतलं, कोरं माझ्या हातात दिलं. बाकीची भांडी राहू देत, म्हणाले, आणि तांदूळ-डाळ पूर्वीसारखं येईल, मुलाला मी बघतो. मी, जन्माची कारकून, म्हटलं, "शेटजी, पण पावती कोणाच्या नावाने फाडू?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की एवढी शिकलेली बाई आणि हिला काहीच कसं कळलं नाही. मग हात जोडले. "मॅडमजी. गुडघे."

नाव लागावं म्हणून माणसं किती धडपडतात, हे पाहण्यात माझी सगळी नोकरी गेली. झाडाच्या कुंडीवर नाव, पाण्याच्या माठावर नाव, एकाने तर मुलांच्या ताटाच्या आत नाव मागितलं होतं, म्हणजे भात संपला की दिसेल. आणि नाव नको म्हणून देणारा पहिला माणूस भेटला, तर आमच्या हिशोबात त्याला जागाच नाही. तपासनीस विचारतात, हे पातेलं आलं कुठून? मी सांगते, होतंच.

यंदाच्या पुण्यतिथीला शेटजी पुन्हा आले, बहीणबाईंना घेऊन. अंगणातल्या होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडापर्यंत चालत आले आणि अचानक एक पाय धरला. "आज गुडघा फारच दुखतोय. मी इथेच बसतो." मी खुर्ची आणली. आतून आरोळी आली, "मोट्टे! मोट्टे!" बहीणबाईंनी शांतपणे जपमाळ काढली आणि म्हणाल्या, "पोरांना जिलेबीची किती घाई झालीय बघा." ज्या बाई बंगळुरात जन्मल्या, वाढल्या आणि भाजीवाल्याशी कन्नडमध्ये भांडतात, त्या!

तेवढ्यात चंद्री धावत बाहेर आली. हातात अर्धं अंडं, ओठांना पिवळा बलक, थेट शेटजींच्या खुर्चीपुढे उभी. मी पुढे झेपावले. शेटजींनी चष्मा काढला. खिशातून रुमाल काढला आणि सावकाश काचा पुसायला लागले. "धूळ फार आहे इकडे," म्हणाले. चंद्री समोर उभी राहून सगळं अंडं खाऊन पळाली, तरी त्यांचं पुसणं चालूच होतं. मग चष्मा लावून विचारलं, "ती काडी कुठल्या रंगावर आहे?"

"हिरव्या," मी म्हटलं.

"अच्छा," ते म्हणाले, आणि पुन्हा चष्मा काढला. या वेळी धूळ काचेवर नव्हती.

त्या रात्री जेवताना मी ही सगळी गोष्ट घरी सांगितली. गच्ची, गुडघे, टाकीमागची शेगडी, सगळं हातवारे करून. गोष्ट सांगण्याच्या भरात आपण कोणासमोर सांगतो आहोत हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. ध्यानात आलं तेव्हा मधुसूदनरावांचा घास हातात होता आणि चेहरा पातेल्यातल्या अंड्याच्या रंगाचा झाला होता.

सासूबाईंनी ताकाची वाटी संपवली. "चांगला आहे की माणूस," म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "अगं, त्या गॅलरीतल्या तव्याचा दांडा हलतोय. स्क्रू स्वल्प घट्ट करून घे. रविवारी मधूचा हात भाजेल."

त्या उठल्या, पदर कानावरून ओढून घेतला आणि आत जाता जाता म्हणाल्या, "मी काही तिकडे जात नाही बाई. वारा लागतो."